बायबलच्या पानावरची तोड

१५५१ साली जिनिव्हात रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने ग्रीक नव्या कराराची एक छोटेखानी आवृत्ती छापली. तिच्या पानावर तीन अरुंद रकाने होते. एकात मूळ ग्रीक मजकूर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन लॅटिन भाषांतरे. एक चर्चमध्ये शतकानुशतके चालत आलेले व्हल्गेट, दुसरे इरॅस्मसचे. ग्रीक वाक्यावरची नजर बाजूला वळवली की त्याचे लॅटिन रूप त्याच उंचीवर सापडावे, अशी सोय करायची तर तिन्ही मजकूर थोड्या थोड्या अंतराने एका रेषेत आणणे भाग होते. एस्तिएनने मजकुराचे लहान तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याला आकडा दिला आणि प्रत्येक तुकडा नव्या ओळीवर सुरू केला. नव्या करारातल्या वचनांची जगभर रूढ असलेली मोजणी ती हीच. या आकड्यांमागे त्याचा आणखी एक हेतू होता. नव्या करारातला कोणता शब्द कुठे कुठे आला आहे हे दाखवणारी शब्दसूची त्याला करायची होती, आणि सूचीला नेमका पत्ता लागतो. ती सूची त्याच्या हयातीत बाहेर पडली नाही. मुलगा आंरी याने ती १५९४ साली छापली आणि वडिलांनी या तोडीचे बरेचसे काम पॅरिस ते लियों या प्रवासात उरकले होते, असे प्रस्तावनेत नोंदवून ठेवले.

म्हणजे ही तोड जन्माला आली ती दोन कामांसाठी: मजकूर शेजारी ठेवून ताडून पाहणे आणि शब्द हुडकणे. दोन्ही कामे अभ्यासकाची, आणि दोन्हींना ती चोख बसते. पुढे शेजारचे दोन रकाने गेले, सूची वेगळ्या पुस्तकात गेली, आणि तोड तेवढी पानावर राहिली. ज्या पानावर ताडून पाहण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते तिथेही प्रत्येक वचन स्वतःचा आकडा घेऊन स्वतंत्र ओळीवर उभे राहू लागले. गेल्या साडेचारशे वर्षांत असंख्य लोकांनी बायबल याच रूपात हाती घेतले आणि त्यामुळे ते एका विशिष्ट रीतीने वाचले गेले. सलग कथा, पत्र वा गीत म्हणून कमी, सुट्या वचनांचा साठा म्हणून जास्त. याचे खापर आपण सहसा उपदेशकांवर, पंथांच्या भांडणांवर किंवा वाचकाच्या आळसावर फोडतो. मला वाटते, त्यात पानाच्या मांडणीचा वाटा फार मोठा आहे आणि तो बहुधा हिशेबात धरलाच जात नाही.

एस्तिएनच्या आधी बायबलमध्ये पत्ते नव्हते असे नाही. चौथ्या शतकात सीझरियाच्या युसीबियसने चार शुभवर्तमानांचे हजाराहून अधिक विभाग पाडले, त्यांचे आकडे समासात मांडले, आणि एका शुभवर्तमानातला प्रसंग दुसऱ्यात कुठे येतो हे दहा तक्त्यांतून दाखवून दिले. ताडून पाहण्याचेच काम, पण त्यासाठी मजकुराला कात्री लावावी लागली नाही. तेराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या आणि पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या स्टीफन लँग्टनने अध्याय पाडले असे मानतात. आज चालतात ते मुख्यतः तेच. त्याच शतकात पॅरिसच्या डॉमिनिकन साधूंनी सेंट शेरच्या ह्यूच्या देखरेखीखाली व्हल्गेटची शब्दसूची केली, तेव्हा प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांना ए पासून जी पर्यंत अक्षरे दिली. सूचीत अध्यायापुढे डी असे अक्षर दिसले की अध्यायाच्या साधारण मध्यावर पाहायचे. काम भागत होते. १४५५ च्या सुमारास माइन्झमध्ये गुटेनबर्गचे बेचाळीस ओळींचे बायबल छापून झाले. त्यात दोन रकाने आहेत, अध्याय आहेत, वचनांचे आकडे मात्र नाहीत. छापलेल्या मजकुरात रंगीत आद्याक्षरे आणि मथळे हाताने भरले जात, आणि त्या रंगांच्या मधला काळा मजकूर सलग वाहत जाई.

यहुदी परंपरेतली तोराची गुंडाळी याहून बोलकी आहे. तिच्यात आकडे नाहीत की विरामचिन्हे नाहीत, पण खंडाखंडांमध्ये सोडायच्या मोकळ्या जागा ठरलेल्या आहेत. समुद्र ओलांडल्यावर इस्राएलांनी गायिलेले निर्गमातले गीत तर विटांच्या बांधकामासारखे लिहायचे असते: शब्द, मोकळी जागा, शब्द, आणि खालच्या ओळीत त्याच्या उलट. लहियाला यात फेरफार करायची मुभा नाही. वचन तिथेही आहे, जुन्या करारातल्या वचनांच्या सीमा तर याच परंपरेतून आल्या, पण ते पठण करणाऱ्याच्या गळ्यात आहे. डोळ्यांसमोर असतो तो खंड. आवाजाचे एकक वेगळे आणि नजरेचे वेगळे ठेवण्याचा हा शहाणपणा छापखान्याच्या घाईत हरवला.

तो हरवला कसा, हे इंग्रजी बायबलच्या इतिहासात स्पष्ट दिसते. मेरी ट्यूडरच्या राजवटीत इंग्लंडमधून परागंदा झालेले प्रॉटेस्टंट जिनिव्हात जमले होते. त्यांच्यापैकी विल्यम व्हिटिंगहॅमने १५५७ साली इंग्रजी नवा करार छापला, आणि १५६० साली या मंडळींचे संपूर्ण ‘जिनिव्हा बायबल’ आले. चर्चमधल्या अवजड ग्रंथांच्या मानाने आटोपशीर, वाचायला सोपा रोमन टाईप, नकाशे, चित्रे, प्रत्येक पुस्तकाआधी त्याचा सारांश, समासात बारीक टाईपात टीपा, आणि प्रत्येक वचन नव्या ओळीवर. हे घरात वाचायचे पुस्तक होते आणि ते अफाट खपले. पुढच्या शतकभरात त्याच्या शंभराहून अधिक आवृत्त्या निघाल्या. त्याच्या कर्त्यांचा हेतू उमदा होता. व्यासपीठावरून धर्मोपदेशक जे सांगतो ते शास्त्रात खरोखर आहे का, हे विणकऱ्याला आणि शेतकऱ्याला आपल्या हाताने पान उलटून पाहता यावे, यासाठी पत्ता हवा होता. तो मिळाला.

राजा पहिला जेम्स याला या पुस्तकाचा राग होता, तो टीपांमुळे. फारोने हिब्रू मुलग्यांना मारण्याची दिलेली आज्ञा सुइणींनी मोडली, ती मोडणे योग्यच होते, अशी टीप निर्गमच्या पहिल्या अध्यायापाशी होती. १६०४ च्या हॅम्प्टन कोर्ट परिषदेत जेम्सने तिच्यावर बोट ठेवले. त्याच परिषदेतून निघालेल्या १६११ च्या ‘किंग जेम्स’ बायबलमध्ये समासात पर्यायी शब्दार्थ आणि इतर वचनांचे संदर्भ यांखेरीज काही येऊ दिले नाही. म्हणजे समासातल्या शब्दांवरून राजदरबारी वाद झाला, पण वाचकाच्या नजरेला दर ओळीगणिक वळण लावणारी तोड एका पुस्तकातून दुसऱ्यात अलगद गेली. तिच्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. टीपा गेल्यामुळे उलट वचने अधिकच एकाकी झाली, कारण जिनिव्हाच्या समासात मागचापुढचा संबंध सांगणारे निदान कुणीतरी बोलत होते. १६११ च्या मुद्रकांनी परिच्छेद कुठे सुरू होतो हे दाखवणारी खूण मजकुरात पेरली होती खरी, पण प्रेषितांच्या कृत्यांतल्या विसाव्या अध्यायानंतर ती पुढे एकदाही येत नाही. त्यापुढे येतात पौलाची पत्रे. लांबलचक युक्तिवाद, एकातून एक निघणारी वाक्ये. जिथे परिच्छेदाची सर्वांत जास्त गरज, नेमकी तिथेच खूण नाही.

त्याच पुस्तकातली आणखी एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे, कारण टाईप वाचकाला काय करू शकतो हे ती दाखवते. मूळ हिब्रू वा ग्रीकमध्ये नसलेले, पण इंग्रजी वाक्य पुरे करण्यासाठी घालावे लागलेले शब्द १६११ मध्ये लहान रोमन टाईपात छापले होते. बाकीचा मजकूर जाड, काळ्या गॉथिक वळणाचा असल्यामुळे हे शब्द पानावर फिके, मागे सरलेले दिसत. पुढे सगळाच मजकूर रोमनमध्ये छापू लागले तेव्हा भरीच्या शब्दांना तिरका टाईप दिला गेला. तिरका टाईप म्हणजे जोर, ही सवय डोळ्यांना एव्हाना लागली होती. भाषांतरकारांनी जे शब्द हलके वाचा म्हणून वेगळे काढले, तेच पुढच्या पिढ्यांच्या वाचकांना ठसकावून म्हटल्यासारखे वाटू लागले. मजकूर तोच होता आणि अर्थाचा तोल मात्र उलटला.

या तोडीविरुद्ध सर्वांत नेमके बोलला तो जॉन लॉक. पौलाच्या पत्रांवर त्याने आयुष्याच्या अखेरीस भाष्य लिहिले. १७०४ साली तो वारला आणि हे लिखाण नंतर छापून आले. त्याच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की अध्याय आणि वचने यांनी पत्रांची अशी खांडोळी केली आहे की सामान्य माणूस प्रत्येक वचन हे वेगळे सूत्र समजतो, आणि विद्वानालाही विचाराचा धागा हाती ठेवणे जड जाते. पुढे तो एक धारदार तर्क मांडतो. उद्या बायबल जसे लिहिले गेले तसे सलग छापले, तर प्रत्येक पंथ त्याविरुद्ध ओरड करील, कारण आपापल्या मताला सोयीची वचने वेचून घेण्याचा धंदा सगळ्यांचाच आहे आणि सलग पानावर तो अवघड होतो. लॉक तत्त्वज्ञ होता, मुद्रक नव्हता. तरी मांडणी हा सत्तेचाही प्रश्न असू शकतो हे त्याच्याइतके स्पष्ट त्या काळी फार थोड्यांना दिसले.

लॉकचे म्हणणे पत्रांच्या पानावर तपासून पाहावे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकविसाव्या वचनात सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन राहण्याविषयी सांगितले आहे, आणि बाविसाव्यात पत्नींनी पतीच्या. ग्रीकमध्ये हे लांबलचक वाक्य अठराव्या वचनापासून चालत आलेले आहे. आत्म्याने भरून जा, ही त्यातली मुख्य आज्ञा. बोलणे, गाणे, आभार मानणे आणि एकमेकांच्या अधीन होणे ही तिच्यावर लटकलेली धातुसाधिते. सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी व्हॅटिकनसमध्ये आणि त्याहून जुन्या एका पपायरसमध्ये बाविसाव्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते आदल्या वचनातून घ्यावे लागते. म्हणजे पत्नींना सांगितलेली गोष्ट सगळ्यांना सांगितलेल्या गोष्टीच्या पोटात आहे. ती बाहेर काढली तर व्याकरणच उरत नाही. आता छापील पान पाहा. एकविसावे वचन संपते, ओळ तुटते, बऱ्याच आवृत्त्यांत तिथेच पती-पत्नींविषयीचा ठळक मथळा येतो, आणि बाविसावे वचन भाषांतरकाराने पुरवलेल्या क्रियापदानिशी नवे प्रकरण असल्यासारखे सुरू होते. एवढ्यावर थांबत नाही. पती-पत्नी, मुले-आईबाप, दास-धनी अशी घरातल्या नात्यांची एकच मालिका पौल मांडतो आहे, पण पहिल्या जोडीनंतर पाचवा अध्याय संपतो आणि उरलेल्या दोन जोड्या सहाव्यात जातात. परिणामी विवाहाचा उपदेश स्वयंपूर्ण झाला. पौलाला त्या काळच्या घराविषयी नेमके काय म्हणायचे होते यावर मतभेद होऊ शकतात आणि आहेतही. पण ज्या वाक्यावर मतभेद व्हायचे ते वाक्य तरी वाचकाला अखंड मिळायला हवे होते. कित्येक पिढ्यांच्या स्त्रियांनी त्याचा अर्धा भाग ऐकला.

असे प्रकार जागोजागी आहेत. उत्पत्तीतली सृष्टीची पहिली कथा सातव्या दिवसाच्या विसाव्यावर संपते, पण अध्याय सहाव्या दिवशीच संपतो, आणि जिच्यासाठी सगळी चढण बांधली ती विश्रांती दुसऱ्या अध्यायाच्या तोंडाशी अनाथ पडते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला प्रीतीवरचा तेरावा अध्याय लग्नांत हटकून वाचला जातो. बाराव्या आणि चौदाव्या अध्यायांत पौल एका भांडखोर मंडळीला तिच्या आत्मिक दानांच्या चढाओढीवरून समजावतो आहे आणि तेरावा त्या समजावणीचा कणा आहे, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात येत नाही. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन, देवाच्या मनात आपल्या हिताचेच विचार आहेत हे आश्वासन देणारे, भेटकार्डांवर आणि दिनदर्शिकांवर जगभर छापतात. दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मया पत्रातून सांगतो आहे की घरे बांधा, बागा लावा, त्या परक्या शहराचे कल्याण पाहा, कारण तुम्हाला इथेच राहायचे आहे. दोन वर्षांत सुटका होईल असे सांगणारा हनन्या खोटे बोलत होता, हे आदल्याच अध्यायात येऊन गेले आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती. आश्वासन खरेच आहे, पण ते फार कठीण आश्वासन आहे, आणि दहाव्या वचनाशिवाय त्याचा कठीणपणा कळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वचने सुटी काढण्याची खोड छापखान्याहून जुनी आहे. नव्या कराराचे लेखकच संदेष्ट्यांच्या एकेक ओळी उद्धृत करतात. हे खरे आहे, पण ते कसे करतात ते पाहण्यासारखे आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू निर्गमातल्या एका जागेचा हवाला देतो तो झुडपाच्या गोष्टीतली जागा म्हणून. पत्ता म्हणजे अख्खी गोष्ट. ती ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो सापडतो. ओळ उचलली तरी तिच्या मागे पाठ असलेला ग्रंथ उभा असे. आकडी पत्त्याने गोष्ट माहीत नसताना ओळ गाठता येऊ लागली. ही सोय मोठी होती, आणि तिची किंमतही तेवढीच मोठी होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या हस्तलिखितांत परिच्छेद तरी कुठे होते? सिनायटिकसमध्ये पानावर चार रकाने, व्हॅटिकनसमध्ये तीन, आणि शब्दांमध्ये जागाच नाही. तेव्हा कुठलीही मांडणी म्हणजे मजकुरावर लादलेला अर्थच, मग वचनांच्या तोडीलाच नावे का ठेवावीत? परिच्छेद पाडणाराही चुकू शकतो, मथळा देणारा तर हमखास चुकतो, हे मला मान्य आहे. फरक एवढाच की परिच्छेद हा संपादकाचा निर्णय आहे हे वाचकाला दिसते आणि तो त्याच्याशी भांडू शकतो. आकडा मात्र मजकुराचाच अंगभूत भाग असल्यासारखा वाटतो, त्याच्याशी कुणी भांडत नाही. शिवाय तोडीतोडीतही फरक असतो. जेरोमने यशयाचे लॅटिन भाषांतर केले तेव्हा वाचणाऱ्याला सोपे जावे म्हणून ते अर्थाच्या श्वासाप्रमाणे लहान-मोठ्या ओळींत लिहिले. डेमॉस्थेनिस आणि सिसेरो यांची भाषणे तशी लिहीत, तीच रीत त्याने घेतली. आठव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या ईशान्येला वेअरमाउथ-जॅरोच्या मठात तयार झालेले अमियाटिनस हे भव्य हस्तलिखित याच पद्धतीचे आहे. त्या ओळी वाक्याची घडण उलगडून दाखवतात. वचनाची तोड वाक्य कुठे चालले आहे हे न पाहता पडू शकते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. किंग जेम्स बायबलमध्ये पावणेआठ लाखांहून अधिक शब्द आहेत. ते एका खंडात, गरिबाला परवडेल अशा किमतीत द्यायचे तर टाईप बारीक हवा. टाईप बारीक झाला की लांब ओळीत नजर चुकते, म्हणून दोन रकाने. आणि कागद पातळ. १८७५ साली ऑक्सफर्डने ‘इंडिया पेपर’ या अतिशय पातळ पण चिवट कागदावर बायबल छापले तेव्हापासून जाडी आणखी उतरली. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांतून वाट काढणाऱ्या जुळाऱ्यांचे कसब वादातीत आहे. पण यातून दोन रकाने आणि बारीक टाईप सिद्ध होतो. दर वचनाला नवी ओळ सिद्ध होत नाही. तिने उलट जागा वाया जाते. आणि रकान्याचीही किंमत आहे. हिब्रू कवितेत ओळीचे दोन अर्ध असतात, दुसरा पहिल्याला प्रतिसाद देतो, त्याला पुढे नेतो किंवा उलटवतो. रॉबर्ट लौथने १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून हे युरोपला समजावून सांगितले. किंग जेम्सच्या पानावर स्तोत्रसंहिता आणि लेवीयातले यज्ञाचे नियम दिसायला अगदी सारखे. कविता आहे हे वाचकाने कानाने ओळखायचे, डोळ्यांकडून काही मदत नाही. नीतिसूत्रांच्या मधल्या अध्यायांना मात्र ही तोड शोभते, कारण तिथे प्रत्येक जोडओळ खरोखरच स्वतंत्र आहे. दोष आहे तो नीतिसूत्रांचा पेहराव सगळ्या ग्रंथाला चढवण्यात.

मग दुरुस्ती झाली तेव्हा लोकांनी ती घेतली का? १८८१ साली इंग्लंडमध्ये सुधारित भाषांतराचा नवा करार आला आणि १८८५ मध्ये संपूर्ण बायबल. त्यात गद्य परिच्छेदांत, स्तोत्रांसारखी काव्ये ओळींत आणि वचनांचे आकडे समासात होते. तरी घराघरांत जुनेच पुस्तक राहिले. यावरून वाचकांना तोडच हवी होती असे म्हणता येत नाही, कारण त्या भाषांतराच्या ताठर इंग्रजीवरही नाराजी होती आणि पाठ झालेले शब्द सोडायला कुणी तयार नव्हते. पुढे अमेरिकेत १९०१ साली लुई क्लॉपशने येशूचे शब्द लाल शाईत छापलेले बायबल काढले, १९०९ साली स्कोफील्डचे टीपांनी भरलेले बायबल ऑक्सफर्डने छापले, आणि दोन्ही तुफान खपली. पानावर गर्दी वाढतच गेली. उलट दिशेची भूकही होती. २०१४ साली अ‍ॅडम ग्रीन या तरुण अमेरिकन मांडणीकाराने आकडे, मथळे, टीपा काहीच नसलेले, एका रकान्याचे, अनेक खंडांतले बायबल छापण्यासाठी लोकांकडे ३७ हजार डॉलर मागितले, आणि १४ लाखांहून अधिक जमा झाले.

मराठीत बायबल आले तेव्हा ही तोड आपल्याबरोबर घेऊनच आले. बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम केरीने १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले आणि १८११ मध्ये नवा करार मोडी टाईपात. मोडीत आधी सलग रेघ ओढून तिला अक्षरे लावत जायची रीत. ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांना मजकूर अखंड वाहताना पाहायची सवय होती. १८०४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या बायबल सोसायटीचा दंडक असा की शास्त्र टीप किंवा भाष्य न घालता छापायचे. पंथांपंथांत भांडण नको म्हणून केलेला तो शहाणा नियम होता, पण त्याचा परिणाम इथे वेगळा झाला. यिर्मया कोण, बाबेल कुठे, करिंथ कसले, हे ज्या मराठी वाचकाला सांगायला कुणी नव्हते त्याच्या हाती आकडे घातलेला उघडा मजकूर पडला. त्याच्याही दोनशे वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यात रायतूरला छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्सने वेगळी वाट धरली होती. ते भाषांतर नव्हे, पुनर्कथन आहे, आणि छापले गेले रोमन लिपीत. पण सृष्टीपासून ख्रिस्तापर्यंतची कथा ओवीतून वाहती ठेवल्यामुळे ऐकणाऱ्याला ती कथा म्हणूनच भेटली.

इथे मराठी वाचक म्हणेल की ओवीलाही आकडा असतोच. ज्ञानेश्वरीतली ओवी आपण अध्याय आणि क्रमांक सांगूनच देतो, त्याने काय बिघडले? बिघडले नाही, कारण ओवी कवीने स्वतः घडवली आहे. आकडा तिच्या शेवटी येतो तो जिथे कवी थांबला तिथेच. तरीही ज्ञानदेवांचा एखादा दृष्टांत चार-पाच ओव्या चालतो आणि त्यातली एक उचलली तर तीही लंगडी पडते, हे प्रवचनकारांना ठाऊक आहे. पसायदान ग्रंथातून वेगळे काढून म्हटले जाते आणि पूर्ण वाटते, ते त्या नऊ ओव्यांची मिळून एक प्रार्थना होते म्हणून. वेचा घेण्याला माझा विरोध नाही. वेचा कुठे सुरू व्हावा आणि कुठे संपावा हे मजकुराने सांगावे, एस्तिएनच्या रकान्यांनी नव्हे.

शेवटचा आक्षेप नवशिक्या वाचकाचा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ साली ते पूर्ण बायबल केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळवण्याचे काम तिथल्याच स्त्रियांनी केले होते. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता त्या खेड्यातल्या, नुकत्या अक्षर ओळखू लागलेल्या बायका. बोट ठेवून वाचणाऱ्या बाईला लहान तुकडा आणि त्यापुढची मोकळी जागा यांचा आधार वाटतो. सलग पान पाहून ती दबून जाईल, हे म्हणणे खोटे नाही. पण तिला हवा असलेला विसावा अर्थाच्या ओळी देतात, आणि जेरोमने सोळाशे वर्षांपूर्वी नेमका त्याच गरजेसाठी तो उपाय योजला होता. देवनागरीला तर अरुंद रकाना आणखीच जाचतो. वरच्या आणि खालच्या मात्रांमुळे दोन ओळींत अंतर जास्त लागते, लांब सामासिक शब्द ओळीच्या टोकाला सहज तोडता येत नाहीत, आणि मग शब्दांमध्ये खड्डे पडतात. नवशिक्याची बोटे तिथेच अडखळतात.

बायबल सोसायट्यांनी एकेक शुभवर्तमान सुट्या पुस्तिकेच्या रूपात स्वस्तात छापण्याची प्रथा फार पूर्वीपासून ठेवली आहे. सुधारणा तिथूनच सहज करता येईल, कारण पुस्तिकेत कागद वाचवण्याची ओढाताण नसते. रूथची गोष्ट चार अध्यायांची आहे, मार्कचे शुभवर्तमान एका बैठकीत वाचून होते, फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र अर्ध्या तासाचेही नाही. हे मजकूर मोठ्या टाईपात, पानभर ओळीत, परिच्छेद पाडून, स्तोत्रे असतील तिथे अर्धचरण वेगळे दाखवून, आणि वचनांचे आकडे बाहेरच्या समासात ठेवून मराठीत छापावेत. मंडळीत उपासनेच्या वेळी पाळकाने अध्याय आणि वचन सांगितले तरी समासात नजर टाकताच ते सापडेल, आणि घरी वाचणाऱ्याच्या हाती पौलाचे पत्र पहिल्यांदाच पत्रासारखे पडेल.